भांडखोर नायिकेचा नाद

आमच्या मुलुंडच्या वाचनालयात प्रेमाच्या कादंबऱ्यांचं एक वेगळं कपाट होतं आणि ते मी दोनदा पालथं घातलं होतं. सगळ्यांची तऱ्हा एकच. नायिका शहरी, बडबडी, फटकळ. नायक घुमा, रांगडा, बहुधा कुठल्यातरी लांबच्या गावचा. ती त्याची टर उडवायची, तो चिडायचा, दोघांचं कडाडून वाजायचं आणि शेवटच्या पानांत दोघांना एकमेकांवाचून करमत नसे. सारख्याला सारखं मिळालं तर गोष्टच होत नाही, हे मला पक्कं पाठ होतं. म्हणून मागच्या आळीतल्या, माझ्यासारख्याच बोलक्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा मी नाक मुरडलं. आम्ही दोघं काय, जन्मभर एकमेकांना दुजोरा देत बसणार?

मग मालवणाकडच्या एका मुलाचं स्थळ आलं. घाटकोपरच्या कारखान्यात नोकरीला होता. बघायला आला तो खाली मान घालून बसला, पोहे संपवले आणि मला एकही प्रश्न विचारला नाही. वडिलांचं तोंड उतरलं. मी आत जाऊन आईला सांगितलं, हाच पाहिजे. अगं, हा बोलतो तरी का, असं ती म्हणाली. मी म्हटलं, दोघांच्या वाटचं मी बोलेन. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

लग्नानंतर कळलं, हे घुमे नव्हतेच. परक्यांत बुजायचे, एवढंच. कामावरून आले, पाय धुतले, की पाटावर बसून मला हाक मारायचे, "माका पाणी हाड गो." मग त्यांच्या मालवणीत गावच्या गोष्टी सुरू. विहिरीवरचा रहाट, फणस फोडताना आईच्या लुगड्याला लागलेला चीक, लहानपणी खाल्लेला मार. हसले की डोळे अगदी बारीक व्हायचे. तोवर माझ्याशी इतकं मोकळं कुणी बोललं नव्हतं. आणि खरं सांगते, मला ते पुरेना. भांडण कुठंय? रुसवा कुठंय? इतकं सरळ हातात पडलं ते प्रेम कसलं, असं मला वाटायचं.

पहिल्या श्रावणात माहेरी माझी मंगळागौर होती. जावई म्हणून यांनाही दुपारी जेवायला बोलावलं होतं. पुरुषांची पंगत आधी उठली आणि हे बाहेरच्या खोलीत वडिलांबरोबर विडा खात बसले. आत आम्हा पूजेच्या मुलींचं जेवण रीतीप्रमाणे मुक्याने झालं. हात धुतल्यावर सगळ्यांनी उखाण्यासाठी माझ्यामागे धोशा लावला. मी उखाणा घेतलाच नाही. पाटावर फतकल मारली आणि यांच्या आवाजात, यांचा हेल काढून, "माका पाणी हाड गो"पासून सुरुवात केली. रहाट, फणस, सासूबाईंचं लुगडं, काही म्हणता काही सोडलं नाही. बायका हसून लोळल्या. आणि मी मुद्दाम मोठ्यांदा बोलत होते. यांना ऐकू जावं, हे चिडावेत, ताडकन दारात यावेत, मग आमचं एकदाचं भांडण व्हावं. इतकी मी ठार वेडी.

हे दारात आले नाहीत. निघताना आईला वाकून नमस्कार केला आणि जेवण छान झालं म्हणाले.

दोन दिवसांनी मी घाटकोपरला परतले. संध्याकाळी हे आले, पाय धुतले आणि म्हणाले, "मला पाणी दे." अगदी शाळेतल्या मास्तरांसारखी शुद्ध भाषा. मला वाटलं, आला राग, आता येईल मजा! मी खोड्या काढल्या, हे भांडले नाहीत. मी रुसले, तर हे आपलं आपण वाढून घेऊन जेवले. महिन्याभरात माझं धाबं दणाणलं. माफी मागितली, रडले, पूर्वीसारखं बोला ना म्हणून विनवलं. मी रागावलेलो नाही, असं म्हणाले. आणि ते खरंच होतं. राग असता तर मला काही करता आलं असतं.

पुढच्या मे महिन्यात थोरले दीर गावाहून आले. मी आत चहा करत होते आणि बाहेर हे बोलत होते, मालवणीत, भरभर, हसत, मधेच भावाच्या मांडीवर थाप मारत. कितीतरी महिन्यांत तो आवाज माझ्या कानावर पडला नव्हता. मी हातातलं काम टाकून ऐकत राहिले. चहा घेऊन बाहेर गेले तर हे गप्प झाले आणि नीट मराठीत म्हणाले, साखर बेताची घातलीस ना?

दीर अंघोळीला गेल्यावर मी विचारलं, "अहो, माझ्याशी असं का नाही बोलत?"

यांनी चहा संपवला, बशी पुसली. "ते घरच्या माणसांशी बोलायचं असतं," म्हणाले. अगदी सौम्यपणे, रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर सांगावा तसं.

त्यानंतरही हे माझ्याशी चांगलेच वागले. कधी वावगा शब्द नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. पुढे मुलं झाली. मुलांना मांडीवर घेऊन हे त्यांच्याशी मालवणीत बोलायचे, गावचं सगळं सांगायचे. मी खोलीत आले की थांबायचे.