काकूंचा भडंगाचा डबा

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ पेठेचा असतो आणि माणसं मैदानातही पेठेपेठेनंच बसतात. शेजारच्या काकू लग्न होऊन आमच्या पेठेत आल्या, म्हणून आमच्यात बसतात. काल सामना त्यांच्या माहेरच्या पेठेशी होता. माहेरच्यांनी गोल केला, आम्ही सगळे गप्प झालो आणि काकूंनी भडंगाचा डबा उघडला.

“खावा की रं, तोंडं का पाडून बसलाय?”

दुसऱ्या गोललाही डबा फिरला. आमच्या एकुलत्या गोलला मात्र झाकण घट्ट. आडनाव बदलतं, रेशनकार्ड बदलतं. लहानपणी ज्याच्यासाठी घसा बसला तो संघ कसा बदलणार?

आम्ही हरलो. काका रिकामा डबा उचलत म्हणाले, “पुढच्या वेळी हा घरातच ठेव.”

“ठेवते की. पण हात मोकळे राहून टाळ्या वाजल्या, तर मला बोलू नका.”