बंगल्याचं भाडं आणि आमचे थोरले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका न्यायी माणूस साऱ्या खानदेशात दुसरा सापडणार नाही, आणि सापडू नये अशीच माझी इच्छा आहे. एक आहे तोच आम्हाला पुरून उरला. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार धुळे. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं, ती पाणीपाळी सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. नोकरी संपली, कालवा सुटला, पण हाताची वाटणीची सवय काही सुटली नाही. वाटायला पाणी उरलं नाही म्हटल्यावर त्यांनी नातेवाईक हाताशी धरले. हिवाळ्यात एकदा आमच्याकडे पिंप्राळ्याला भरीत खायला आले होते. पानं मांडली, बायकोने भरताचं पातेलं आणून ठेवलं, तर या माणसाने डाव उचलून भरतावर आधी रेघा ओढल्या. शेताचे बांध घालावेत तसे चौकोन पाडले आणि म्हणाले, "आता वाढा. मागून कुरकुर नको." कुरकुर करायला मुळात कोणी जिभेवर घास तरी ठेवला होता का? रिक्षात कडेला अर्ध्या मांडीवर बसणाऱ्याने पूर्ण भाडं का द्यावं, या विषयावर त्यांनी जळगाव स्टेशनबाहेर मला उन्हात उभं करून इतका वेळ समजावलं की तो रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक सोडून परत आला, तरी आमचा विषय तिथेच होता.

पण त्यांची खरी प्रतिभा फुलते ती भाड्याच्या बंगल्यात. माझी बायको तीन बहिणींतली मधली. थोरली साडूंकडे धुळ्याला, धाकटी चोपड्याला, आणि एक भाऊ रावेरला, केळीचा व्यापारी. सासूबाई त्याच्याकडे असतात. या भावंडांना वर्षातून एकदा मिळून कुठेतरी चार दिवस राहायची हौस आहे. हॉटेलात सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरतात, म्हणून आख्खा बंगला घ्यायचा आणि भाडं वाटून घ्यायचं असं ठरलं. 'वाटून' हा शब्द ज्या क्षणी माझ्या मेव्हण्याच्या तोंडून निघाला, त्या क्षणी साडूंच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पहिल्या वर्षी कोकणात गेलो. लांबचा प्रवास करून माणसं बंगल्यात शिरली, कोणी पाणी मागतंय, कोणी संडास शोधतंय, सासूबाई पाय चोळत पायरीवर बसल्यात, आणि आमचे साडू पिशवीतून मोजणीची टेप काढून खोल्यांची लांबी-रुंदी घेतायत! टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी मलाच भिंतीशी उभं केलं. समान वाटणी म्हणजे अन्याय, असं त्यांचं पहिलं तत्त्व. ज्याची खोली मोठी त्याने जास्त द्यायचं. न्हाणीघर खोलीला लागून असेल तर आणखी जास्त. एसी असेल तर त्याहून जास्त, मग तो लावा की लावू नका. खिडकीतून समुद्र दिसतो का, हे बघायला ते स्वतः प्रत्येक खोलीत जाऊन खिडकीशी उभे राहिले. मेव्हण्याच्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता, पण स्टुलावर चढलं की माडांच्या फटीतून एक निळी पट्टी दिसायची. साडू स्टुलावर चढले, पट्टी पाहिली, उतरले आणि मेव्हण्याच्या वाट्यात भर घातली. "स्टूल बंगल्याचंच आहे ना?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा. आमच्या खोलीला गॅलरी होती. तिच्यात बंगल्याच्या मालकाने सुकट वाळत घातली होती, दार उघडायची सोय नव्हती. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, गॅलरी ती गॅलरी. तिच्यात तुम्हाला वास कसला येतो, हा भाड्याचा विषय नाही." हिशेब संपला की चष्मा कपाळावर चढवून, समाधानाने मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बठ्ठं बराबर शे." म्हणजे सगळं बरोबर आहे. ते ऐकलं की माझ्या बायकोच्या कपाळाची शीर उडायला लागायची.

बरं, माणूस स्वतः तरी सुटावा! तर तेही नाही. चहा पीत नाही म्हणून त्यांनी दुधा-साखरेतून स्वतःचं नाव वगळलं. मग तिसऱ्या प्रहरी सगळे ओट्यावर बसले असताना हळूच बायकोच्या कपातला घोटभर चहा बशीत ओतून घ्यायचे, आणि संध्याकाळी त्या घोटाचा वाटा स्वतःच्या नावावर चढवायचे. या असल्या प्रामाणिकपणाला काय करावं? चोर असता तर सोपं गेलं असतं, निदान चारचौघांत नाव तरी ठेवता आलं असतं. मेव्हणा एक दिवस आधी निघून गेला, त्याच्या केळीचे ट्रक अडले होते. शेवटच्या दिवसाचं भाडं मी का द्यायचं, असं त्याने फोनवर विचारलं. साडूंनी शांतपणे सांगितलं, "खोली रिकामी होती हे मान्य. पण ती तुझ्या नावावर रिकामी होती." मेव्हण्याने पुढे बराच काळ त्यांचा फोन उचलला नाही. थोरली तर कपाळाला हात लावून म्हणायची, "एवढी वर्षं संसार केला, माझा वाटा कुठला ते अजून या माणसाने मला सांगितलं नाही." सासूबाईंनी एकदा भाबडेपणाने विचारलं, "जावाईबापू, मना बी वाटा शे का?" तर हे गंभीरपणे म्हणाले, "आहे ना आई. पण तो तुमच्या चार लेकरांत वाटला आहे." म्हातारी खूश झाली. आपण चौघांत सारखे वाटले गेलो, यात तिला काय आनंद वाटला कोण जाणे.

असं आमचं चाललं होतं. मग धाकटीचा नवरा गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला. चोपड्याला त्यांची पिठाची गिरणी होती, ती धाकटीने स्वतः चालवायला घेतली. मुलगी कॉलेजात. धाकटी मुळात बडबडी, हसरी, पण नंतर ती कुठल्याही कार्याला आली की चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात जायची. भांडी घासायची, कणीक मळायची, पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसायची. कोणी म्हटलं, बस जरा, तर म्हणायची, "असू दे, मला सवय आहे." आपण इथे आहोत याची भरपाई ती हाताने करत होती, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं.

पुढच्या वर्षी सापुताऱ्याचा बंगला ठरला. ठरवायला सगळे धुळ्याला साडूंकडे जमलो होतो. दुपारची जेवणं झाली, धाकटी ताटं उचलत होती. मेव्हणा मोठ्या मनाचा आहे, पण त्याचं मन त्याच्या आवाजाइतकंच मोठं आहे. तो सोफ्यावरून म्हणाला, "धाकटीच्या वाट्याचं मी भरतो. विषय संपला."

विषय संपला नाही. धाकटीने हातातली ताटं खाली ठेवली आणि म्हणाली, "मी नाही येत दादा. गिरणी बंद ठेवता येत नाही."

"अगं, पैशाचा विचार करू नकोस," मेव्हणा म्हणाला.

"मी कुठे करतेय? तूच करतोयस."

मग माझ्या बायकोने सुचवलं की आपण तिघं मिळून भरू, म्हणजे कोणा एकाचे उपकार नकोत. त्याने धाकटीचा चेहरा आणखी उतरला. थोरली रडायला लागली. सासूबाई भिंतीला टेकून सगळ्यांकडे पाळीपाळीने बघत राहिल्या. मला स्पष्ट दिसत होतं की या वर्षी धाकटी येत नाही, आणि या वर्षी आली नाही तर पुढे कधीच येणार नाही.

एवढ्यात साडू गरजले. "कोणी कोणाचं भरायचं नाही! दुसऱ्यानेच भरायचा तर त्याला वाटा कशाला म्हणायचं?" मला वाटलं, आता हा माणूस उरलंसुरलं घर पेटवणार. ते धाकटीकडे वळले. "आणि तू. हिशेब मांडायच्या आधी नाही म्हणायची तुला घाई काय? खोली कुठली घेणार?"

"मला काय दाजी, कुठलीही चालेल. हॉलमध्ये झोपू आम्ही दोघी मायलेकी."

"हॉलमध्ये आई झोपणार आहेत. त्यांना जिना चढवत नाही."

"मग आईजवळ झोपू."

"रात्री आईंना उठवून न्यायचं कोण बघणार?"

हे काम कोणाचं, असा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. धाकटी म्हणाली, "मीच बघते की. नेहमी मीच बघते."

साडूंनी चष्मा नाकावर घेतला. कालव्याचं पाणी, त्यांनी आम्हाला सुनावलं, आधी शेवटच्या शेताला द्यायचं असतं. तोंडाशी बसलेल्यांनी आधी ओढलं की शेवटचा कोरडा राहतो, म्हणून पाळी शेपटाकडून सुरू होते. आजवर खोल्या निवडताना आधी मेव्हणा, मग आम्ही, असं चालत आलं होतं ते साफ चूक. मग त्यांचं गणित सुरू झालं. हॉलला दार नाही, म्हणून सूट. सगळ्यांची ये-जा तिथूनच, म्हणून आणखी सूट. आईंची जबाबदारी चारही लेकरांची, ती एकटी उचलते, तर बाकी तिघं तिला त्याचं देणं लागतात, ते तिच्या वाट्यातून वळतं करायचं. मेव्हणा वरच्या दोन्ही खोल्या अडवतो, म्हणून त्याच्यावर चढ. आमच्यावरही चढ, स्वतःवरही चढ. शेवटी धाकटीचा जो आकडा निघाला तो अगदी लहान होता. पण तो शून्य नव्हता. आणि त्यावर या माणसाने हात पुढे केला. "काढ. आत्ता."

"राहू द्या हो दाजी," मेव्हणा पुटपुटला.

"तू मध्ये बोलू नको!"

धाकटी आत गेली, पर्स घेऊन आली आणि नोटा त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "नक्की बरोबर आहे ना दाजी? का मागाहून काही काढाल?"

"बठ्ठं बराबर शे," साडू म्हणाले. धाकटी हसली. नवरा गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. आणि गंमत अशी की जो मेव्हणा घटकेपूर्वी तिचं सगळं भरायला निघाला होता, तो स्वतःचा वाटा वाढला म्हणून घरी जाईपर्यंत धुसफुसत राहिला.

सापुताऱ्याला धाकटी वेगळीच होती. बंगल्यात शिरल्या शिरल्या तिने व्हरांड्यातली वेताची आरामखुर्ची पकडली आणि दरीकडे तोंड करून पाय पसरून बसली. माझ्या बायकोने आतून हाक मारली, कांदे चिरायला येतेस का म्हणून, तर हिने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "हॉलवालीला सकाळच्या स्वयंपाकातून सूट आहे, दाजींना विचार!" साडूंशी तर ती दिवसभर भांडली. गरम पाणी आधी कोणाला, व्हरांडा हॉलमध्ये धरायचा की बाहेर, मक्याची कणसं माणशी की दातांच्या हिशेबाने. साडूही तिच्याशी हमरीतुमरीवर यायचे. सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी साडूंना बाजूला घेतलं. म्हटलं, "नाना, धाकटीसाठी हिशेब जरा वाकवलात ना तुम्ही? छान केलंत." माणूस लालबुंद झाला. "मी? उभ्या नोकरीत कोणाला वाकडी पाळी दिली नाही, मास्तर, आणि तुम्ही मला हे म्हणता?" धुळं येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उतरताना मात्र माझ्या चहासोबतच्या भज्यांचे पैसे न विसरता मागून घेतले. त्यांनी खरंच वाकवला होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. माझी बायको म्हणते, त्या दगडाला एवढं सुचायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात साडूंना अर्धांगाचा झटका आला. आता ते काठी धरून घरातल्या घरात फिरतात, पण बोलणं जड झालंय. दोन शब्द बाहेर काढायचे तर कपाळावर घाम येतो. या वर्षी ते दोघं आले नाहीत. भाड्याचं मेव्हण्याच्या मुलाने फोनवर बघितलं, सगळ्यांना सारखं वाटलं, सगळ्यांनी फोनवरूनच पैसे धाडले. टेप नाही, सूट नाही, चढ नाही. धाकटीची मुलगी आता पुण्याला नोकरी करते, तिने आईचं भरलं. कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही. जेवणं झाली की जो तो आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. मी मनाशी म्हणत होतो, सुटलो बाबा एकदाचे! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी हे बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं.

संध्याकाळी धाकटी अंगणात फोन घेऊन उभी होती. थोरलीने पलीकडे साडूंच्या कानाला फोन लावून दिला होता. ही मोठमोठ्याने सांगत होती, "खोल्या चार आहेत, दाजी. माझी पूर्वेकडची. खिडकी मोठी आहे, पण समोर पाण्याची टाकी... हो, टाकी. एसी आवाज करतो." मध्येच ती थांबायची, पलीकडून शब्द यायची वाट बघायची, मग पुढे सांगायची. मी पायरीवर बसून ऐकत होतो. बऱ्याच वेळाने तिने फोन ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

मी विचारलं, "काय म्हणाले? किती सूट दिली?"

तिने पदराने फोनची काच पुसली. "हिशेबाचं काहीच नाही बोलले," ती म्हणाली. "जेवलीस का, विचारत होते."