राघवन सरांची शेवटची सुनावणी

१२ जानेवारी, रविवार, सकाळी दहा. बदलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या पटांगणात राघवन सरांनी सुनावणी भरवली. ती त्यांची अखेरची. उन्हाळ्याआधीच ते गेले.

सर अंबरनाथला वाढले आणि उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात त्यांनी इतिहास शिकवला. मद्रास इलाख्याचा ब्रिटिश कारभार हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर ते सोसायटीचे अध्यक्ष झाले. पाण्याची तक्रार असो की पार्किंगचा तंटा, तो जागेवर जाऊनच ऐकायचा, असा त्यांनी नियम घातला. खुर्ची स्वतः उचलून नेत. तळमजल्यावरचा सिंधी दुकानदार हटकायचा, "कलेक्टरसाब, आज किसकी पेशी है?" सर न हसता म्हणत, "तुझीच."

हा नियम त्यांनी जमाबंदीवरून घेतला होता. मद्रास इलाख्यात कलेक्टर दरवर्षी तंबू घेऊन गावोगाव फिरे, रयतेचे म्हणणे समक्ष ऐके आणि मग शेतसारा कायम करी. सर मात्र त्या पद्धतीने भारावले नव्हते. मला एकदा म्हणाले होते, "साहेब झाडाखाली बसून सगळ्यांचं ऐकायचा, देशपांडे. आकडा बहुधा आधीच ठरलेला असायचा."

त्या रविवारी समोर हिराबाई होत्या. सोसायटीमागे त्यांचे शेत; भात निघाला की वाल. शेताची वाट आमच्या पटांगणातून जाई. चोऱ्यांच्या भीतीने रहिवाशांना तिथे भिंत हवी होती. भिंत झाली असती तर भारे डोक्यावर घेऊन हायवेवरून वळसा घालावा लागला असता, आणि हिराबाईंना ते या वयात जमणारे नव्हते. शेत विकावे लागले असते.

हे सारे त्यांनी सांगितले. सरांनी एकदाही मध्ये तोडले नाही. शेवटी हिराबाईंनी फाटकाकडे हात केला. सरांच्याच सांगण्यावरून तिथे सकाळी विटा उतरल्या होत्या. गवंडीही येऊन बसला होता.

"सर, तुमचा ठरलाय. मंग मना कनाला बोलावला?"

सर विटांकडे पाहत राहिले. वर्गात आयुष्यभर ज्याला नावे ठेवली, ते आपल्याच हातून घडले, हे त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती.

"खरं आहे, हिराबाई," ते म्हणाले. "मी नुसता बसलो होतो. पहिल्यापासून सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितले. या वेळी सरांनी प्रश्न विचारले. दुकानदाराने चोरांचा मुद्दा काढला, तेव्हा भिंतीत वाटेपुरती जागा मोकळी सोडून तिथे दिवा लावण्याचे ठरले. कुरकुर झाली, पण विरोध टिकला नाही.

मग सर गवंड्याला घेऊन वाटेवर गेले. हिराबाईंना डोक्यावर भारा घेऊन उभे राहायला सांगितले, आणि भाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कंबर धरत का होईना, स्वतः वाकून चुन्याच्या रेघा ओढल्या.