मोळीवाली आणि माझी चूल

आजही भाताला कढ आला की मी गॅस बंद करते आणि पातेलं गुंडाळून ठेवते. सूनबाई हसतात. पण हे मला एका मोळीवालीनं शिकवलं.

लढाईच्या दिवसांत आम्ही कामशेतला राहत होतो. ह्यांचा पगार बेताचा, आणि माझी चूल दोन दिवसांत एक मोळी गिळायची. वडिवळ्याकडची एक बाई ती आणून टाकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, मावशीच म्हणायचे. मोळी टाकली की ती दोन्ही हातांनी मान दाबत उंबऱ्यावर टेकायची. शेजारणी तिची वाट अडवून उभ्या असायच्या, पण सगळ्यांना लाकूड मिळायचं नाही.

एकदा ती पाणी प्यायला आत आली. चुलीवर भात रटरटत होता. मला न विचारताच तिनं जळती लाकडं ओढून राखेत विझवली. मी चिडलेच.

"अहो मावशी, भात कच्चा राहील!"

"न्हाई ऱ्हायचा. कड आलाय न्हवं? आता उबंवर शिजंल."

तिनं पातेलं जुन्या लुगड्यात गुंडाळून पेंढा भरलेल्या पाटीत बसवलं. "मालक जेवाय बसल्यावरच उघडा. मदी डोकावायचं न्हाई."

दुपारी भात मऊ, मोकळा आणि वाफाळता निघाला.

पुढच्या खेपेला मी कौतुकानं सांगितलं, मोळी आता चार दिवस पुरते. आणि मग चपापले. "मावशी, असं घरोघरी शिकवलंत तर तुमचं कसं व्हायचं?"

ती मान दाबत हसली. "चुली लय हायेत, बाई. मान एकच हाय."