एक बॉल आधी

प्रमोदिनी बर्वे मोबाइलवर मॅच बघायची आणि आनंद रिसबूड टीव्हीवर. मधे एक भिंत. मोबाइलवरची मॅच टीव्हीपेक्षा चांगली एक बॉल मागे चालते, हे ज्यांच्या शेजारी कुणी ओरडणारं नसतं त्यांच्या लक्षात येत नाही. प्रमोदिनीच्या मोबाइलवर बोलर अजून पँटीला बॉल घासत उभा असायचा, आणि भिंतीतून आवाज यायचा, "गेला. सांगितलं होतं मी." मग तिच्यासमोर बॅट्समन निवांतपणे ग्लोव्हज घट्ट करी, खेळपट्टीवर दोनदा बॅट ठोके, आणि हा माणूस आउट झालेला आहे हे त्याच्याआधी तिला ठाऊक असे.

घटस्फोटानंतर कसं वाटतं हो, असं तिला बायका विचारत. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही या घोळात पडलेल्या याच बायका चौकशीला मात्र हजर. एकटेपणा, मोकळीक, उशीत तोंड खुपसून रडणं, असलं काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा. प्रमोदिनी म्हणे, "विकेट पडल्याचं आधी कळतं." बायका चहा संपवून उठत.

घटस्फोटाचं कारण विचारणाऱ्यांचीही ती निराशाच करी. दारू नव्हती, मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. रिसबूड तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे म्हणावं, तर तसंही नव्हतं. तो सतत बघत असे आणि सतत सांगत असे. पेपर आधी तो वाचणार आणि मोठ्याने वाचणार. दिवा स्टेशनजवळ पुन्हा पाण्याची बोंब, पत्री पुलावर ट्रक आडवा, कल्याणात कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर रिक्षावर पडला. तिच्या हातात पेपर येईपर्यंत त्यात तिने वाचावं असं काही शिल्लक नसे. कॉलेजात ती विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली, आणि हा आयुष्यात कधी बसमागेसुद्धा न धावलेला माणूस तिला खेळ समजावून सांगे. खो-खो म्हणजे पोरींची पकडापकडी, असं त्याचं लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं मत. ठाण्याच्या विमा कचेरीतून ती निवृत्त झाली, रिसबूडही त्याच सुमारास घरी बसला, आणि दिवसभर तो आवाज ऐकायचा आहे हे लक्षात आल्यावर तिने वकील गाठला. लोक म्हणाले, या वयात? तिने विचारलं, मग कोणत्या वयात?

डोंबिवली पूर्वेच्या नवप्रभा सोसायटीत त्यांचा तिसऱ्या मजल्यावर जोडफ्लॅट होता. दोघांच्या पगारावर शेजारचा फ्लॅट घेतला, मधली भिंत पाडली आणि सगळ्या बिल्डिंगीला बोलावून पूजा घातली, असा तो थाट. घटस्फोटाच्या वाटणीत एक फ्लॅट त्याला, एक तिला. पाडलेली भिंत पुन्हा घातली. गवंड्याने ती इतकी पातळ घातली की पलीकडे शिंकलं तर अलीकडच्याने अंग चोरावं. टीव्ही, केबल आणि सोफा पलीकडे राहिले. केबलवाला म्हणाला, तुमच्या बाजूला वायर आणायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल. प्रमोदिनी म्हणाली, त्या भिंतीला आता कुणी हात लावायचा नाही. म्हणून मोबाइल.

सकाळचा पेपरही भिंतीतून ऐकू येत असे. पलीकडे दुसरं माणूस नाही, तरी रिसबूड मोठ्यानेच वाचे. त्यांची ठाण्यात राहणारी मुलगी मैथिली म्हणे, आई, बाबांना एकटं वाटतं गं. प्रमोदिनीला तसं अजिबात वाटत नसे. एकटं वाटणारा माणूस 'तुझ्या लाडक्या ठाण्यात खड्डे बघ' असं भिंतीकडे तोंड करून कशाला वाचेल? सुख म्हणून एकच. बायकांची मॅच असली की भिंत गप्प. ती मॅच रिसबूड बघत नसे. त्या दिवशी प्रमोदिनी पाय वर घेऊन, शेंगदाणे घेऊन बसे, आणि बॉल पडला की तिला तेव्हाच कळे.

मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. डोंबिवलीत आता सगळ्याच बिल्डिंगी जातात. जुन्या दोन विंगांच्या जागी दोन टॉवर येणार होते. सेक्रेटरी सुशांत, चाळिशीतला, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा आणि सगळ्यांचं भलं करायला निघालेला मुलगा. असल्या मुलांची प्रमोदिनीला भीती वाटे. त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि पाचव्या मजल्यावर बोट ठेवलं. रिसबूड आणि बर्वे, शेजारी शेजारी, आत्ता आहेत तसेच.

"आणि काकू, आर्किटेक्टला मुद्दाम सांगितलं, मधल्या भिंतीत कॉलम घेऊ नका," सुशांत आवाज खाली आणत म्हणाला. "उद्या तुम्हा दोघांना काही वाटलंच, तर भिंत सहज काढता येईल."

कमिटीतले सगळे प्रेमळ चेहरे करून तिच्याकडे बघत होते. म्हणजे यांनी बैठक घेऊन, चहा-वडा खाऊन हे ठरवलं होतं. कोर्टाने दिलेला निकाल या लोकांना रुसवा वाटत होता.

"सुशांत," प्रमोदिनी म्हणाली, "त्या भिंतीत कॉलम घाल. दोन घाल. नाहीतर मला दुसरीकडे टाक."

दुसरीकडे टाकणं अगदीच अशक्य नव्हतं. बी विंगमधले आबा प्रमोदिनीच्या ए विंगमध्ये यायला एका पायावर तयार होते. त्यांचा भाऊ तिथे राहत होता. त्यांच्या वाट्याचा फ्लॅट प्रमोदिनीने घ्यायचा, तिचा आबांनी, की मिटलं. पण एक अडचण निघाली, आणि ती या दोघांनी स्वतः करून ठेवलेली. दोन्ही फ्लॅट सोसायटीच्या दप्तरी अजून दोघांच्या नावावर होते. कोर्टात वाटणी झाली, पण नावं बदलायला दोघांनी एकत्र जाऊन सह्या करायला हव्या होत्या. रिसबूडबरोबर रिक्षात बसणार नाही, असं ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, मी कुठे बोलावतोय. ते काम तसंच राहिलं. आता अदलाबदल करायची तर रिसबूडची सही हवी होती.

सुशांत तीनतीनदा सही मागायला गेला. रिसबूड म्हणाला, मला काहीच अडचण नाही, मी आहे तिथे बरा आहे, ज्याला अडचण आहे त्याने डोकं थंड ठेवायला शिकावं. शेवटच्या खेपेला तर तो दार उघडं ठेवून, तिला ऐकू जाईल असं बोलला. प्रमोदिनी आत कणीक मळत होती. उरलेलं सगळं आयुष्य, नव्या टॉवरमध्ये, नव्या रंगाच्या भिंतीतून हा आवाज ऐकायचा. एक बॉल आधी. तिने कणकेचा गोळा परातीत असा आपटला की शेजारचा डबा पडला.

मागून मिळणार नाही हे तिला कळत होतं. रिसबूडने तिला मागितलेली गोष्ट कधी दिली नव्हती. मात्र तिला हवी असलेली गोष्ट हिसकावून घ्यायला तो कायम तत्पर असे. खिडकीजवळची सीट, दुधावरची साय, पेपर. आणि मग तिला खो-खो आठवला. पाठलाग करणाऱ्याने एकदा एका बाजूला पाऊल टाकलं की त्याला मागे वळता येत नाही. वळला तर फाउल. पळणाऱ्याचं सगळं कसब एवढंच, की आपण इकडे चाललोय असं त्याला वाटायला लावायचं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शकू भेटली. शकू दुसऱ्या मजल्यावरची. गावात चार लोकल चॅनेल असतील, नवप्रभा सोसायटीला शकू पुरत होती. ती अजूनही प्रमोदिनीला रिसबूड वहिनी म्हणे, आणि प्रमोदिनीने ते सुधारायचं सोडून दिलं होतं. प्रमोदिनीने पिशवी खाली ठेवली, आणि सांगितलं की तिला आबांचाच फ्लॅट का हवाय: त्याच्या हॉलच्या खिडकीतून अख्खं शाळेचं मैदान दिसणार आहे. रविवारच्या टेनिस बॉलच्या मॅचेस घरात बसून, पॅव्हेलियनमधून बघितल्यासारख्या. एवढा एकच फ्लॅट आहे तसा. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

"कुणाला बोलू नकोस हं, शकू."

"छे हो वहिनी," शकू म्हणाली आणि वर निघाली होती ती खाली वळली.

त्यानंतरच्या सकाळी भिंतीतून पेपर ऐकू आला नाही. पलीकडे येरझाऱ्या चालल्या होत्या.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. प्रमोदिनीने उठून सरळ मागणी केली: बी विंगमधला आबांचा फ्लॅट मला द्या. सुशांत खाली बघत रिसबूडच्या सहीचं काहीतरी पुटपुटला. तेव्हा रिसबूड उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. म्हणाला, मी विचार केला, शेजारी राहून कुणाला त्रास नको, तेव्हा अदलाबदलीला माझी ना नाही. फक्त कागदावर पहिलं नाव माझं आहे. तेव्हा बी विंगमध्ये जायचं तर मी जाईन.

रिसबूडने पाऊल उचललं होतं. पण पाऊल अजून पुरतं पडलं नव्हतं.

"रिसबूड, तुम्हाला तर काही अडचण नव्हती," ती म्हणाली. "मागणी मी केलीय. खाली बसा."

"आता आहे अडचण. आणि तुला गं कशाला हवं मैदान? खो-खो दिसणार आहे का तिथून?"

पार्किंग हसलं. आबासुद्धा हसले.

इथे प्रमोदिनीला नाटक करावं लागलं नाही. कारण त्या मैदानावर रोज संध्याकाळी, क्रिकेटवाली पोरं यायच्या आधी, शाळेच्या मुली खो-खोचा सराव करत. भाजी आणायला जाताना कुंपणाशी ती रोज थांबे. खांबाशी झेप कशी घ्यायची ते त्यातल्या एकीला तिने दोनदा कुंपणाबाहेरून ओरडून सांगितलं होतं. आबांच्या खिडकीतून ते सगळं दिसलं असतं. शकूला सांगितलेल्या थापेत एवढं खरं होतं. आणि हा बाबा रविवारच्या टेनिस बॉलसाठी ती खिडकी घेऊन संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून टीव्ही बघत बसणार होता.

तिच्या तोंडाशी आलं की घाला चुलीत ती सही, मी नाही सोडत. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. समोर त्याचा चेहरा होता, 'सांगितलं होतं मी' म्हणायच्या आधीचा. तो चेहरा पुन्हा भिंतीपलीकडे नको होता. बस, एवढंच नको होतं.

"घ्या," ती म्हणाली. "नेहमीसारखं घ्या. पण सही आत्ता, सगळ्यांसमोर. मला पुन्हा तुमच्या दारात कुणाला पाठवायचं नाही."

रिसबूडने स्वतःचं पेन काढलं. अदलाबदलीवर सही केली आणि दोन्ही फ्लॅटच्या राहिलेल्या नावबदलाच्या कागदांवरही केली. प्रमोदिनीने त्याच्या सहीखाली आपली केली. शाई वाळायच्या आत तो वाकून म्हणाला, "हरलीस."

इतकी वर्षं या शब्दावर तिने कधी गप्प बसून दाखवलं नव्हतं. पत्त्यात, वादात, कोर्टाच्या पायरीवरसुद्धा. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तो ऐकून जळून गेला असता. सही तर झाली होती. पण सुशांतने कागद अजून फाइलमध्ये घातला नव्हता, आणि रिसबूड हातातला कागद फाडायला कमी करणारा नव्हता. ती गप्प बसली. फाइल बंद झाली तोवर तो लोकांत मिसळून मैदानाच्या गोष्टी सांगत होता, आणि मग मागून जाऊन सांगणं तिला हलकटपणाचं वाटलं.

शकू जिन्यात तिचा हात धरून हळहळली. सुशांत म्हणाला, काकू, ए विंगला रस्ता आहे, वर्दळ असते, बरं वाटतं. रस्त्यापलीकडे लग्नाचा हॉल होता आणि त्याचा बँड रात्री अकरापर्यंत वाजे, हे त्याने सांगितलं नाही. मैथिलीचा ठाण्याहून फोन आला; बाबांनी शेवटी स्वतःचंच खरं केलं ना, असं म्हणून ती आईलाच रागावली, की तू आधी मागायला नको होतंस. प्रमोदिनीने ऐकून घेतलं. तिलाही सांगितलं नाही. पोरगी बापाला सांगितल्याशिवाय राहिली नसती.

पावसाळ्याआधी बिल्डिंग रिकामी झाली. रिसबूड डोंबिवली पश्चिमेला गेला. प्रमोदिनीने विठ्ठलवाडी स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खोल्या कोंदट, नळाला धार बारीक आणि घरमालकीण नाकात बोलणारी. तिच्याबद्दल प्रमोदिनीचं पहिल्या दिवसापासून वाईट मत झालं. पण भिंती जुन्या, जाडजूड.

शनिवारी मॅच होती, पुरुषांची. ती शेंगदाणे घेऊन बसली. पहिल्याच ओव्हरला शकूचा मेसेज आला: रिसबूड भाऊजी भेटले होते, सगळ्यांना सांगत होते की शेवटी मैदान त्यांनीच मारलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रमोदिनीने लिहिलं, हो, जिंकले ते. मेसेज पाठवला आणि जिभेला कडू लागलं.

बोलर रन-अपच्या टोकाला उभा होता. पँटीला बॉल घासत होता. तिने सवयीने भिंतीकडे कान दिला. पलीकडे घरमालकीण खलबत्त्यात काहीतरी कुटत होती, तेही अगदी लांबून. बोलर धावला. बॉल आत वळला, बॅट आडवी आली आणि स्टंप उडाला.

"गेला मेला," प्रमोदिनी म्हणाली. "सरळ बॅटने खेळायला काय झालं होतं."

ते तिने मोठ्याने म्हटलं होतं. तिने दार लावलेलं आहे का ते बघितलं, आणि पुढच्या बॉलला तोंडात शेंगदाणे भरून बसली.