पुण्याच्या डॉक्टरांचं इंजिन

आमच्या गाडीला पंधरा वर्षं पुरी होत आली आणि त्याच आठवड्यात मी वडिलांच्या मनातून उतरलो.

दोन्हींचा संबंध आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपत आली की गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची (आमच्याकडे याला 'पासिंग' म्हणतात). पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाहीतर भंगार! ही परीक्षा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इतकी मनावर घेतली की माझी दहावीसुद्धा त्यांनी एवढी घेतली नव्हती. आदल्या दिवशी गाडी दोनदा धुतली. टायरच्या खाचांत अडकलेले खडे पेचकसाने काढले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "काळजी नाही. इंजिन ओरिजिनल आहे!"

मी चावी फिरवली. इंजिन ओरिजिनल नव्हतं.

त्याचं असं झालं, की तीन वर्षांपूर्वी मांजर्लीत आमच्या सोसायटीत नदी शिरली. दुसऱ्या मजल्यावर अण्णा, आई, माझी बायको शुभदा आणि मी सुखरूप होतो. खाली गाडी आरशापर्यंत पाण्यात! पाणी ओसरल्यावर मी खाली गेलो आणि मोठ्या आशेने चावी फिरवली. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. (आमच्या सोसायटीतलं एक शेंबडं पोर तसं ओरडलंही होतं.) आतून 'खट्' असा आवाज आला आणि इंजिनाने राम म्हटला.

गाडी अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. त्यांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. मी ती गुपचूप उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात, एका सेठच्या गॅरेजात ओढून नेली. सेठने भंगारात आलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं इंजिन काढून बसवून दिलं.

"सेठ, कागद वगैरे?"

"अरे साईं, काग़ज़ का क्या करेगा? इंजन का आधार कार्ड होता है क्या?"

मी हसलो. असतं! इंजिनावर नंबर कोरलेला असतो, तोच आरसी बुकात असतो, आणि इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी घेऊन तिथे नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. पण हे तेव्हा मला कोण सांगणार? घरी मी सांगितलं, "मेकॅनिकने इंजिन खोललं, धुतलं आणि वाळवलं." त्या आठवड्यात तळमजल्यावाल्यांच्या गाद्याही गच्चीवर वाळत होत्या, त्यामुळे अण्णांना ते सहज पटलं.

आता आईचं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. माझी बहीण वंदना चामटोलीला दिलेली. रिक्षा फाट्यावर सोडते, तिथून पुढे चढ, आणि तो आईला झेपत नाही. म्हणून दर रविवारी गाडी. सोमवारपासून आईचं सुरू होतं, "वंदीला हे न्यायचं, नातवाला ते न्यायचं." गाडी गेली असती तर आईचा रविवार गेला असता, आणि रविवार गेल्यावर आईकडे फारसं काही उरत नव्हतं. ही गोष्ट मला पहिल्यापासून कळत होती, आणि तरीही मी तीन वर्षं कागदांची चौकशीसुद्धा न करता झोपू शकलो.

चामटोलीच्या घराचे कर्ते म्हणजे वंदनाचे सासरे, तात्या. शेतकरी माणूस, पुढचा एक दात सोन्याचा, आणि मानाला जपणारे. आमच्या दारात गाडी आल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी आणून उभी केली. मुलीकडच्यांकडे गाडी आणि मुलाकडच्यांकडे नाही, असं कसं चालेल? तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती विकली. "पुन्याच्या डाक्टरनं नेली. नाय नाय बोललो तरी हातात पैसं कोंबलं," असं सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

तेव्हापासून अण्णांना जोर चढलेला. चामटोलीचा चढ आमची गाडी एका दमात चढली, की ते अंगणात उतरता उतरताच सुरू करायचे. "बघा व्याही! याला म्हणतात इंजिन! तुमची गाडी इथे धापा टाकायची!" तात्या सोन्याचा दात दाखवून कसनुसं हसायचे.

तर आरटीओ. तपासायला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतला, तो जुळला. मग बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, फडक्याने पुसलं, पुन्हा टॉर्च मारला.

"काका, हे इंजिन या गाडीचं नाही."

अण्णा हसले. "मॅडम, पुन्हा वाचा. ओरिजिनल आहे."

"तुम्हीच वाचा ना."

अण्णांनी वाकून इंजिन वाचलं. मग आरसी बुक वाचलं. मग माझ्याकडे वळून मला वाचायला लागले. मी टायरकडे बघत सगळं कबूल केलं. खट् आवाजासकट.

मॅडम रागावल्या नाहीत, हे आणखी वाईट. शांतपणे म्हणाल्या, "इंजिन बदलता येतं, पण नोंद हवी. हे ज्या गाडीचं होतं तिचं आरसी बुक, मालकाचं पत्र, खरेदीचं बिल आणि चोरीचं नाही असा पोलिसांचा दाखला. मुदत महिनाअखेर संपते. त्यानंतर गाडी रस्त्यावर आणू नका."

'चोरीचं' हा शब्द ऐकून अण्णा माझ्यापासून एक पाऊल लांब सरकले. परत निघताना ते मागच्या सीटवर बसले.

थेट सेठकडे गेलो. सेठ बिल द्यायला तयार झाला. मालक कोण, म्हटल्यावर डोकं खाजवलं. "नाम तो याद नहीं. चामटोली का काका था. सोने का दाँत. बॉनेट पे हाथ रखके आधा घंटा खड़ा रहा बेचारा. गाड़ी तो बहुत लोग देते हैं भंगार में, पर ऐसा रोते हुए किसी को नहीं देखा."

चामटोली. सोन्याचा दात. अण्णा तिथल्याच एका टायरवर बसले.

"म्हणजे तो चढ..."

"हो."

"तीन वर्षं मी व्याह्यांच्याच इंजिनाचं कौतुक..."

"त्यांच्याच तोंडावर. हो."

"पाणी आण," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग माझं रविवारचं काय?" अण्णा उठले, पुन्हा तोच शर्ट घातला आणि म्हणाले, "चला." पुढे पेच होता. तात्यांचं पत्र मागायचं म्हणजे पुण्याचे डॉक्टर खोटे आहेत हे तोंडावर म्हणायचं. आणि वंदनाला त्याच घरात राहायचं होतं!

तात्यांच्या ओटीवर चहा आला. अण्णांचं हवापाणी झालं, भात झाला, भाताचा भाव झाला. शेवटी म्हणाले, "व्याही, ते पुण्याचे डॉक्टर... बरे आहेत ना?"

"झकास! परवाच फोन आल्ता. बोलले, तात्या, गाडी नुसती पळते."

"पण तात्या, ती तर भंगा..." मी सुरुवात केली आणि कळवळलो. अण्णांची टाच माझ्या अंगठ्यावर होती.

अण्णा एक घोट घेऊन म्हणाले, "त्यांनी त्यातलं इंजिन विकलं म्हणे मध्यंतरी."

तात्यांची बशी थांबली. "कोनाला?"

"आम्हाला."

ओटीवर कोंबडीसुद्धा हलेना. तात्यांनी अण्णांकडे निरखून बघितलं. यांना सगळं कळलंय आणि तरी हे डॉक्टरांना धरून बोलताहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि अंगणात गेले. बॉनेट उघडलं. इंजिनावर हात ठेवला.

"सकाळी चालू केल्यावर दोन मिंटं उभी ठेवता ना? थंडीत खोकते ती."

"ठेवतो," मी म्हणालो. (ठेवत नव्हतो. आता ठेवतो.)

"मना वाटलंच व्हतं," तात्या हळूच म्हणाले. "तुमी चढावर आलात की वाटायचं, ह्यो आवाज वळखीचा हाय."

मग कुणी सांगायच्या आत विहीणबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि बॉनेटला बोटं लावली. "आमच्या घरची हाय. तुमच्या घरी दिली, आता संबाळा."

हे ऐकून अण्णांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांची कीव आली. वंदनाच्या लग्नापासून ते मुलीकडचे म्हणून वाकून उभे होते. येताना गाडीत (पुढच्या सीटवर!) माझी मांडी दाबून म्हणाले, "लक्षात आलं का? आता आपण मुलाकडचे!"

चार दिवसांत पोलिसांचा दाखला मिळाला. तात्यांनी सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं आणि स्वतः आरसी बुक घेऊन आरटीओत आले. मॅडमनी पत्र वाचलं. मग भुवया उंचावल्या.

"यात लिहिलंय, गाडी पुण्याच्या डॉक्टरांना विकली."

"हां," तात्या छाती काढून म्हणाले.

"पण नोंदणी अजून तुमच्याच नावावर आहे. बिल उल्हासनगरच्या भंगारवाल्याचं आहे. मग डॉक्टरांनी कधी घेतली? त्यांचं नाव, पत्ता, विक्रीचे कागद लागतील."

झालं! तीन वर्षं फुकट बसलेल्या डॉक्टरांना आता पत्ता हवा होता. मुदतीला दोन दिवस उरले होते. रांगेत मागे चामटोलीचाच एक ओळखीचा माणूस कान टवकारून उभा. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग बाहेर बघितलं. बाहेर झाडाखाली आई गाडीत बसली होती, मांडीवर वंदीसाठी बांधलेला डबा घेऊन. पास झाली की परभारेच चामटोलीला जाऊ, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"मॅडम," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "डाक्टर कोनी नाय. पत्रा सडलेला, कोनी घेईना, मीच भंगारात दिली. पोराला सांगायची लाज वाटली."

मी मान खाली घातली. तात्यांनी एका वाक्यात घालवलेली अब्रू माझ्या 'खट्'मुळे गेली होती. अण्णा मात्र भिंतीवरची वाहतुकीची चिन्हं इतक्या मन लावून वाचत होते, की त्यांना काही ऐकूच आलं नसावं. 'पुढे अरुंद पूल आहे' हे त्यांनी तीनदा इतक्या मोठ्याने वाचलं, की मागच्या चामटोलीकरालाही दुसरं काही ऐकू गेलं नाही.

मॅडमनी पत्र परत केलं, नवीन लिहून घेतलं. तात्यांच्या गाडीची नोंदणी रद्द करायचा अर्जही भरून घेतला, कारण सरकारदरबारी ती अजून पळतच होती. मला दंड झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आमच्या आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर चढला आणि गाडी पाच वर्षांसाठी पास झाली!

बाहेर तात्या चपला घासत उभे राहिले. "आता गावात काय सांगायचं डाक्टरचं?"

"सांगा, अमेरिकेला गेले," अण्णा म्हणाले. "जाताना गाडी मोडीत काढली. परदेशी जाणारी माणसं काढतात."

तात्या हसले तेव्हा सोन्याचा दात पहिल्यांदा सबंध दिसला. म्हणाले, "व्याही, एक मात्र ऐकायचं. दिल्या घरची झाली तरी तिला म्हायेरपन हवं. दर रविवारी तिला न्यायला मी पोराला मुराळी धाडीन."

आम्हाला वाटलं, चेष्टा. पण पुढच्या रविवारी सकाळी सातला दाजी, म्हणजे वंदनाचा नवरा, दारात हजर! आईला पुढे बसवलं, अण्णांना मागे, दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं आणि गाडी घेऊन गेला. संध्याकाळी गाडी परत आली ती बॉनेटवर हळदकुंकू आणि डिकीत तांदूळ, काकड्या घेऊन. तेव्हापासून एक रविवार चुकलेला नाही. आईचे गुडघे तेच आहेत, पण सोमवारपासूनची तिची गडबड दुप्पट झाली आहे.

हरकत कुणाची नव्हती. फक्त शुभदाचं माहेर विठ्ठलवाडीला आहे, आणि तिला आणि मला तिथे जायला रविवारच मिळतो. पूर्वी आईला चामटोलीला उतरवून आम्ही गाडीनेच तिथे जायचो. मागच्या रविवारी दोन रिक्षा बदलून आम्ही घामाघूम होऊन पोचलो. सासऱ्यांनी दार उघडलं, आधी आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"जावईबापू, गाडी पास झाली म्हणत होता ना? कुठाय?"

मी रुमालाने मान पुसली आणि खरं तेच सांगितलं, "ती माहेरी गेलीय."