वावटळ किती वेळा आली

समस्त पंचक्रोशीस, पाव्हण्यारावळ्यांस, सीमेच्या अलीकडच्यांस आणि पलीकडच्यांसही अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, निपाणीजवळच्या आमच्या मळ्यातल्या घराचे पत्रे यंदा पुन्हा उडाले. प्राणहानी नाही. एक कोंबडी दोन दिवस बेपत्ता होती, तीही परत आली. तरी कृपया कोणी हसू नये. पहिल्या खेपेला मीही हसलो होतो. दोन उन्हाळ्यांत तिसऱ्यांदा तेच पत्रे त्याच उसातून ओढून आणताना हसू येत नाही, कंबर येते मधे.

मी बेळगावात नोकरी करतो आणि तिसऱ्या मजल्यावर राहतो. मळ्यात माझे थोरले भाऊ राहतात, अण्णा, आणि वहिनी. अण्णांची सत्तरी जवळ आली आहे. एप्रिलात दुपार कलली आणि पश्चिमेकडे ढग काळे झाले की मी फोन समोर ठेवून बसतो. वाजला की उचलायच्या आधी चपला शोधतो. वहिनी फोनवर जास्त बोलत नाहीत. "भावजी, पत्रं गेलं," एवढंच. कुणीतरी वारल्याचं सांगावं तसं.

आमच्याकडे वळीव येतो तो पाऊस म्हणून येतच नाही. आधी वारा थांबतो, पानसुद्धा हलत नाही. मग शेताच्या कडेला धूळ उठते, गिरकी घेते, वाटेतला पाचोळा, पोती, वाळत घातलेलं धुणं गोळा करत चालू लागते. म्हातारी माणसं ती दिसली की थुंकतात, म्हणजे ती वाट बदलते म्हणे. अण्णा आयुष्यभर थुंकत आले. वाट बदलल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

यावर आमच्या भागात खरा उपाय एकच आहे, दगड. पत्रे नुसत्या हुकांवर टिकत नाहीत, म्हणून पाडव्याच्या आधी ओढ्यातले थोराड दगड वर चढवून पत्र्यावर मांडतात. आमच्या घरात हे काम थोरल्याचं. आजोबांनी केलं, मग वडिलांनी. ज्या वर्षी वडील खाली शिडी धरून उभे राहिले आणि अण्णा वर गेले, त्या वर्षापासून घरातला शेवटचा शब्द अण्णांचा झाला. कुणी बोललं नाही, कागद झाला नाही. कोण चढलं आणि कोणी शिडी धरली, एवढ्यावर झालं. त्यामुळे थोरल्यानं दगड नीट मांडलेत का हे बघायला धाकट्यानं शिडी लावणं म्हणजे तोंडावर ‘तुमचं झालं आता’ म्हणण्यासारखं. मी कधी लावली नाही. खालून तर दिसतच नाही. पत्रे मागच्या अंगाला उतरते आहेत आणि मागे भिंतीला लागून ऊस.

पूर्वी चार-पाच वर्षांतून एखादा पत्रा जायचा. तेव्हा दगड धडाधड अंगणात पडायचे आणि अंधारात माझा अंगठा हमखास फुटायचा. गेल्या वर्षी मात्र दोनदा सगळंच छप्पर गेलं. दोन्ही खेपेला अंगण कसं स्वच्छ होतं. अंगठा वाचला म्हणून मी खूश. पत्रेवाल्यानं नवे हूक मारले, मी चहा पाजला, आणि अण्णा म्हणाले की दगडांचं ते मागनं बघतील.

दुसऱ्या खेपेनंतर मी विषय काढला. हे घर बंद करा, बेळगावला चला, आता जमायचं नाही. वहिनींनी पदर डोळ्याला नाही लावला, पण चुलीकडे तोंड केलं. माझ्या फ्लॅटवर अण्णा एकदाच चार दिवस राहिले होते. चारही दिवस गॅलरीत उभं राहून खालच्या पार्किंगमध्ये माती कुठे दिसते का बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी न सांगता बस स्टँडवर गेले. त्यामुळे मी काय मागतो आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

अण्णा म्हणाले, "वारं समद्यांच्यात येतंय. आपल्याच मळ्यावर जास्त येतंय, हे दाखीव मला. मग येतो."

झालं. मला काम मिळालं. तेवढ्यात मोबाइलवर मी परदेशातला एक नकाशा पाहिला होता. तिकडे म्हणे टोर्नेडो कुठल्या भागात किती वेळा येतो, त्यातही कुठल्या तालुक्यात किती, हे रंगवून ठेवलेलं असतं. लाल जागी घर बांधताना माणूस दोनदा विचार करतो. मी ठरवलं, बेळगाव ते निपाणी आपणही रंगवायचं, आणि आमचा मळा लालभडक निघाला की अण्णांची पेटी भरायची. शंभर पानी वही घेतली. अट्टल बदमाश माणूस जेवढ्या प्रामाणिकपणे काम करतो तेवढ्या प्रामाणिकपणे मी मोजणीला लागलो.

सुरुवात शेजारून केली. पलीकडच्या मळ्यातले आप्पा जैन आहेत, तंबाखू करतात, बायकोशी कन्नडमध्ये भांडतात आणि माझ्याशी मराठीत. ते दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि वळीव नेमका त्याच वेळेला येतो. म्हणून ज्या दिवशी ताट अर्धं राहिलं आणि उपाशी झोपावं लागलं, ती त्यांची एक वावटळ. बाकीच्या आल्या काय नि गेल्या काय. त्यांच्या मोजणीनं आमच्या भागात वावटळ फार नाही. जेवण उरकल्यावर आलेल्या कितीतरी त्यांनी सोडून दिल्या होत्या.

मग बेळगुंदीला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. त्यांची रताळ्याची शेती. रताळं जमिनीखाली, त्याला वाऱ्याचं सुखदुःख नाही. घरच्या म्हातारीनं खूप आठवून सांगितलं की त्यांच्यात वावटळ येतच नाही. मग उठता उठता म्हणाली, थोरलीच्या लग्नात मांडव गेलता, धाकटीच्या पण गेलता. म्हणजे लेकी दोन, म्हणून वावटळी दोन. तिसरी लेक असती तर नकाशात बेळगुंदीचा रंग बदलला असता.

पुढे खानापूर, तिथून गुंजी. गुंजीत आमची मावसबहीण दिली आहे. तिला मी आक्का म्हणतो. रानाच्या कडेला घर, वर कौलं, भोवती झाडं. मी वही उघडून विचारलं, वावटळ किती वेळा येते गं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बेळगावात राहून मला काहीतरी झालंय.

"रानात वारं कोण मोजतंय रं? झाड वाटंवर पडलं तर कळतंय. आत पडलं तर त्येला कुणी इचारत न्हाय."

मी वही मिटली. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो, आणि एकदम फार शीण आला. इतके रविवार घालवून मी वारा मोजलाच नव्हता. मी ताटं मोजली, मांडव मोजले, वाटेवर पडलेली झाडं मोजली. जिथे उडायला काही आहे तिथे वावटळ आली म्हणायचं, मोकळ्या माळावर रोज चार फिरत असतील, त्या कुणाच्या खिजगणतीत नाहीत. आमच्या मळ्यात घर होतं, घरावर पत्रे होते आणि पत्रे गेले की फोन करणाऱ्या वहिनी होत्या. एवढ्यानंच आमचा मळा वहीत लाल झाला होता. हे अण्णांना सांगावं लागणार होतं. सांगितलं तर ते मळ्यातच राहणार होते. मी नाही सांगितलं.

आणि यंदा मे महिन्यात पुन्हा फोन वाजला. "भावजी, पत्रं गेलं."

या वेळी पंचनाम्याला तलाठी आले होते. तरुण कन्नड माणूस, सकाळपासून अशी कितीतरी घरं बघून दमलेला. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, ऊन चुकवायला घराच्या भिंतीला टेकले आणि विचारलं, पूर्वी इथं असं किती वेळा झालंय. आप्पा होते, वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या, अण्णा बाजल्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. आणि मी, मी पिशवीतून वही काढली.

काय बोललो मी. बेळगुंदी सांगितली, खानापूर सांगितलं, गुंजी सांगितली. वारा मोकळ्या रानातून कसा निसटतो आणि आमच्याच मळ्यावर कसा येऊन बसतो हे हातवारे करून दाखवलं. आप्पा मधेच म्हणाले की त्यांच्यात तर एवढं येत नाही. मी म्हटलं, "तेच तर सांगतोय, आप्पा. तुमच्या बांधापर्यंत येतंय आणि तिथनं आमच्याकडं वळतंय." आप्पांनी मान हलवली. मला तर वाटतं त्यांना थोडा अभिमानही वाटला. मी अण्णांकडे बघत नव्हतो.

तलाठ्यांनी पेन उघडलं. कागदावर लिहिता लिहिता ते आधी कन्नडमध्ये आणि मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत मोठ्यानं म्हणाले, की ही जागाच वावटळीची आहे, वारंवार येते, राहण्यास योग्य नाही, असं लिहितो.

अण्णा बाजल्यावरून उठले. उठायला वेळ लागला. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. कोपऱ्यात शिडी आडवी पडली होती, तिच्यावर कोंबडीची पिसं आणि धूळ. तिच्याकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांसमोर बोलून गेले,

"जागंला नाव ठिवू नगासा, सायेब. दोन वरसं झाली, मीच वर दगड ठेवल्यालं न्हाईत. गुडघं शिडी चढत न्हाईत माझं."